हिरवे पडदे

दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेलं अपेंडिक्स फुटून पोरगी मेली, असा फोन विद्यापीठाच्या विमा खिडकीवर सकाळी नऊला आला.

"काढलेलं फुटतं कसं हो?" विमामावशींनी विचारलं.

"तेच तुम्हाला विचारतोय," डॉक्टर म्हणाले. "पोटावर टाक्याचा एक व्रण नाही. आणि आमच्या नोंदीत ऑपरेशन झालेलं आहे!"

परदेशातून शिकायला आलेली सगळी पोरं त्यांना विमामावशीच म्हणायची. त्यांची जीभ तिखट होती, पण विमा कंपनीशी भांडावं तर त्यांनीच. ही पोरगी त्यांना चांगली आठवत होती. दोन वर्षांपूर्वी परगावी प्रशिक्षणाला निघताना विम्याचं कार्ड हरवलं म्हणून खिडकीपाशी हुंदके देऊन रडली होती. मावशींनी तिला अर्ज लिहायला लावला आणि नवं कार्ड हातात ठेवलं.

कंपनीने तर तासाभरात हात वर केले. कार्ड दुसऱ्याला वापरायला दिलं, म्हणजे पोरगीच लबाड. पॉलिसी रद्द. देह मायदेशी पाठवायचा खर्चही मिळणार नाही. तिकडे आई लेकीचं तोंड बघायला दारात बसलेली. पुरावा असेल तर पाचच्या आत द्या, म्हणाले.

मावशींनी जुनी फाइल काखोटीला मारली आणि तडक दवाखाना गाठला.

तातडीच्या विभागात दोन खाटांमध्ये काचेच्या भिंती होत्या. "इथले पडदे कुठे गेले?" त्यांनी नर्सला विचारलं.

"गेल्या वर्षीच काढले. धुऊन धुऊन जीव जायचा."

पोरगी परवा दुपारी पोटदुखीने आली होती, तेव्हाची नोंद नर्सने दाखवली. रुग्ण इंजेक्शनच्या गुंगीत. जुन्या ऑपरेशनबद्दल विचारलं असता सोबतच्या नातेवाइकाने होकार दिला. पोट बिघडल्याचं औषध देऊन घरी पाठवलं.

"नातेवाईक कोण? बाई की बाप्या?"

"दिवसाला शंभर येतात, मावशी. एकालाच आत सोडतो, एवढं नक्की."

बाहेरच्या बाकावर पोरीचा थोरला भाऊ आणि वहिनी बसली होती. भाऊ त्याच विद्यापीठात संशोधन करायचा. पोरगी त्यांच्याकडेच राहायची.

"परवा तिला आत कोणी नेलं?"

"मी," वहिनी घाईघाईने म्हणाली. "हे प्रयोगशाळेत होते."

भावाने मान वर केली नाही.

"डॉक्टरांनी काय विचारलं?"

"काहीच नाही. त्या हिरव्या पडद्याआड मी तिचा हात धरून बसले होते. कण्हत होती बिचारी."

"याआधी कधी आली होतीस इथे?"

"छे हो! पहिल्यांदाच."

"तुझा विमा आहे?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. "माझा आहे," तो पुटपुटला. "हिचा हप्ता परवडत नव्हता."

मावशी समोर खुर्ची ओढून बसल्या.

"हिरवे पडदे गेल्या वर्षीच गेले, बाई. आता काचा आहेत. म्हणजे परवा तू आत गेलीच नाहीस. पण पडदे होते तेव्हा त्यांच्याआड तू पडली होतीस. ऑपरेशन तुझं झालं."

वहिनी उठायला लागली. मावशींनी फाइल उघडली.

"कार्ड हरवलं नव्हतं, तुम्ही उचललं होतं. तिचा अर्ज या फाइलमध्ये आहे, ऑपरेशनच्या तीन दिवस आधीचा. तिला बिचारीला पत्ताच नव्हता. आणि परवा तुला कोणी ओळखेल म्हणून तू बाहेर थांबलीस. मग आत कोण होतं?"

"ह्यांनीच सांगितलं, गाडीत थांब म्हणून!" वहिनी ओक्साबोक्शी रडू लागली.

भाऊ भिंतीकडे बघत म्हणाला, "डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशन झालंय ना? नाही म्हणालो असतो तर सगळं उघडं पडलं असतं. आमची हकालपट्टी झाली असती. माझा प्रबंध दोन महिन्यांत संपणार होता. मला वाटलं, पोटच बिघडलं असेल."

"वाटलं? हेच दुखणं, हीच बाजू, तू बायकोच्या वेळी रात्रभर उशाशी बसून पाहिली होतीस ना रे?"

मावशींनी पुढे केलेल्या कागदावर त्याने जबाब लिहून दिला.

मावशींनी तो अर्ज आणि भावाचा लेखी जबाब कंपनीला पाठवला. साडेचारला उत्तर आलं. पोरगी निर्दोष, देह घरी जाईल. तोवर पोलीसही येऊन दाराशी उभे राहिले.

तेवढ्यात भावाचा फोन वाजला. आईचा होता. तो घेईना. मावशींनी बटण दाबून फोन त्याच्या हातात कोंबला.

"पोरा," आईचा आवाज साऱ्या बाकाला ऐकू आला, "शेवटी ती एकटी नव्हती ना रे?"

"नाही आई. मी होतो."

"मग बरं. डॉक्टरांनी विचारलं ते सगळं नीट सांगितलंस ना?"

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"हो," तो म्हणाला.