ओल्या पावलाचं माप

"तिथंच थांब. पुढं पाय टाकू नकोस."

रज सणाच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, मी घागर घेऊन घाटावर पाय धुवायला उतरले होते. आणि खाडीतून कोणीतरी परका मला दरडावत होता. मान वर करून पाहिलं. लाकडी खांबांनी भरलेली होडी, आणि तिच्यात उभा एक सडपातळ तरुण... गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला.

"आमच्याच घाटावर मला अडवणारा तू कोण रे?"

"तुमच्या घाटाला कुंपण घालणारा. आणि ते समोर लाकूड तरंगतंय ना — ते लाकूड नाहीये."

लाकडानं सावकाश डोळा मिटला आणि उघडला. मी घागर तिथंच टाकून काठावर पोचले, तेव्हा तो हसत होता. मला त्याचा राग आला आणि त्याचे दात फार छान आहेत हेही त्याच क्षणी दिसलं. अठराव्या वर्षी दोन्ही एकदम जमतं.

आमच्या खारफुटीतल्या गावांत घाट म्हणजे पाण्यात शिरलेलं कुंपण. आत आम्ही न्हायचं, बाहेर मगरींनी हिंडायचं, असा जुना करार. त्या वर्षी वैशाखातल्या वादळानं कुंपण आडवं केलं होतं. समोरच्या हेंताळाच्या झुडपांत एका मगरीनं घरटं घातलं होतं आणि ती राखण सोडून हलत नव्हती. म्हणून बापानं पल्याडच्या गावातून अभिरामला बोलावलं. तो दुपारीच यायचा, पण ओहोटीत होडी चिखलात रुतली आणि स्वारी पोचली संध्याकाळी.

"आता उद्या पहाटे ठोकतो," तो आमच्या अंगणात म्हणाला.

माझी काकू, म्हणजे खुडी, वाटण वाटत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "उद्यापासून रज. पृथ्वी विटाळशी असताना तिच्या अंगात खुंटा ठोकशील? नांगर बंद, कुदळ बंद, तुझी मोगरीही बंद. ती न्हाली की मग ठोक."

"तोवर मी काय करू, खुडी?"

"सणाचा पिठा खा, गूळ-खोबऱ्याचा. आणि घाटावर बसून राहा, कोणी पाण्यात उतरू नये म्हणून. मजुरी म्हणून नाही हो, शिक्षा म्हणून."

बापा हसले. मी हसले नाही, कारण माझं लक्ष भलतीकडेच होतं. सण संपला की चांदबालीचे लोक मला बघायला येणार होते. मुलगा चांगला, घर चांगलं. नाही म्हणायला मला काही कारण नव्हतं... म्हणजे त्या संध्याकाळपर्यंत तरी नव्हतं.

रजात आम्ही मुली अनवाणी जमिनीवर पाय टेकवत नाही. अळता लावायचा, विडा खायचा, झोके घ्यायचे. पहिल्या दिवशी झोपाळ्याखाली पाहते तर पोफळीच्या झावळीच्या जाड विरीच्या कोऱ्या चपला, केळीच्या दोरानं बांधलेल्या. घातल्या. अगदी बेतून शिवल्यासारख्या बसल्या.

तो घाटाच्या वाटेवर बसून मुढी, म्हणजे कुरमुरे, खात होता, मला न पाहिल्यासारखं करत.

"माप कुठून घेतलंस?"

"तूच तर ठेवून गेलीस, घाटावरच्या चिखलात. शेजारी आणखी एकीचं पाऊल होतं — नखांचं. पण तिला चपला लागत नाहीत."

"दुसऱ्याच्या घाटावर पावलं मोजत बसतोस?"

"शिक्षा झालीये ना. वेळ कसा घालवू?"

मग झोका कसा कोण जाणे, रोज घाटाच्या दिशेनंच उंच जायचा. मैत्रिणी चिमटे काढायच्या. मी त्याच्यासाठी निखाऱ्यावर भाजलेल्या पोडा पिठ्याचा करपलेला काठ न्यायचे, कारण त्याला तोच आवडायचा. एका दुपारी, खाडी अगदी गप्प असताना, त्यानं विचारलं, "चांदबालीचा काय करतो?"

"कापडाचं दुकान आहे."

"मग मापं घेण्यात माझ्यापेक्षा हुशार असणार."

"असेल... पण चिखलात वाकत नसेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पाहिलं अळत्याकडे. पिठ्याचा काठ दोघांच्या मध्ये तसाच पडून राहिला.

चौथ्या दिवशी पृथ्वी न्हाली. अभिरामनं होडी लावली आणि दुपारपर्यंत मोगरीचे ठोके गावभर ऐकू येत राहिले. मी खांब मोजत होते. एक खांब बसला की तो जाण्याच्या एका खांबानं जवळ. शेवटचा उरला तेव्हा मी गुडघाभर पाण्यात, कुंपणाच्या आत उभी होते. तो बाहेरच्या अंगाला, होडीत.

"हा एक राहू दे ना," मी हळूच म्हटलं. "म्हणजे तुला परत यावं लागेल."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "घाटाला भोक ठेवून? तिथून ती आत आली तर? नाही... ते मला जमायचं नाही."

आणि त्यानं तो खांब सगळ्यांहून खोल ठोकला. मला रडू फुटत होतं आणि तो आवडतही होता, आधीपेक्षा जास्तच.

"हलवून बघ," तो म्हणाला.

मी हलवला. पहाडासारखा घट्ट. "सैल आहे," मी म्हणाले.

त्यानं पुन्हा ठोकला. "आता?"

"अजून सैल आहे."

"आता?"

"...अजून."

मोगरी हातातच राहिली. खांबांच्या फटीतून त्यानं माझ्याकडं पाहिलं. "खांब घट्ट आहे. तू खोटं बोलतेयस. मलाही जायचं नाहीये गं... पण मी काय म्हणून राहू?"

"माझ्यासाठी राहा," मी म्हटलं. आवाज स्वच्छ आला.

वर पायरीवर खुडी भांडी घासत होती, हे मी साफ विसरले होते. "अरे, आवरा तुमचं," ती म्हणाली. "एवढ्या ठोकण्यानं ती समोरची घरटं सोडून जाईल." मग भांडी तशीच टाकून ती बापाला शोधायला गेली.

चांदबालीच्या लोकांना बापानं ते निघायच्या आधीच नकाराचा निरोप धाडला. वर म्हणाले, "ज्यानं माझ्या घाटाला भोक ठेवलं नाही, त्याच्या हाती पोर द्यायला मला भीती कसली?"

आता आम्ही भुवनेश्वरला लेकाकडं असतो, सहाव्या मजल्यावर. तिकडं गावी घाटाला लोखंडी जाळी आली, घरोघर नळ आले. न्हायला म्हणून खाडीवर कोणी उतरत नाही. कधी पावसाळी वारा सुटला की मला चिखलाचा तो उग्र, खारट वास आठवतो आणि जेवण जात नाही.

रज मात्र येतोच. आदल्या संध्याकाळी मी न्हाऊन, लोट्यातल्या पाण्यानं तळवा भिजवून गच्चीच्या कोरड्या फरशीवर एक ओलं पाऊल उमटवते. अभिरामच्या डोळ्यांना आता फारसं दिसत नाही. तो गुडघे टेकून वितीनं माप घेतो. चपलांसाठी विरी तो बाजारातून हुडकून आणतो.

यंदाही वाकला. फार वेळ लागला त्याला.

"घेतलं का माप?"

"घेतलं."

"शेजारी आणखी कोणाचं पाऊल आहे का रे?" मी दरवर्षीसारखं विचारलं.

त्यानं माझ्या लोट्यातलं पाणी आपल्या तळपायावर ओतलं, भिंतीचा आधार घेत उभा राहिला आणि माझ्या पावलाला लागून आपलं पाऊल ठेवलं.

"आहे एक," तो म्हणाला. "पण त्याला चपला लागत नाहीत."