चार सेकंद

धप्.

दुपारची सामसूम फुटली. आठ महिन्यांचा प्रेम पाळण्यात दोन्ही हात फेकून दचकला. तो झोपला की डोणगावच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करते. लग्नाआधी आयटीआयत शिकलेलं तेवढंच माझं.

हा ॲम्प्लिफायर लग्नात साउंड लावणाऱ्या निवृत्तीभाऊंचा. "वहिनी, चालू केला का असा दणका देते, नवरदेव घोड्यावरून पडते ना!"

दोष साधा होता. चालू करताना आतलं व्होल्टेज स्थिर व्हायच्या आधीच स्पीकर जोडलेला असतो, म्हणून धक्का त्यात उतरतो. मी स्पीकर उशिरा जोडणारा रिले बसवला. आता पहिले चार सेकंद स्पीकर सुटा राहणार, धक्का आतल्या आत जिरणार, मग जोडणी.

बटण दाबलं. काही नाही. चार सेकंदांनी रिलेची बारीक टिक्. प्रेम गाढ झोपेत. मी त्याच्या तळपायाचा मुका घेतला. आता माझं लेकरू दचकणार नाही.

तो उठला तेव्हा हाक मारली, "प्रेमू!"

एरवी आवाजासरशी मान वळवायचा. वळवली नाही. मग वळवली.

टाळी वाजवली. तसंच.

"हा बहिरा हाय का वं आई?" चार वर्षांची पुष्पा, माझी थोरली, खिदळली.

मी घड्याळ समोर धरलं. चार सेकंद.

रिले उपटून काढला. ॲम्प्लिफायर पुन्हा धप् करू लागला. प्रेम दचकला, चार सेकंदांनी.

मेहकरला डॉक्टरांनी कान तपासले. "कान चांगले हायेत बाई. तुम्हीच काऊन घाबरून राह्यल्या?"

घरी येऊन मी त्याला माझ्यासमोर बसवलं आणि नीट पाहिलं. मधल्या वेळात तो नुसता बसून नसतो.

मी हाक मारते. तो माझ्या खांद्यामागे बघतो. हसतो. हिरड्या दाखवत, हात पुढे करत, घे म्हणून. माझ्याकडे बघून तो असा कधीच हसलेला नाही.

मग माझी हाक पोचते.

हसू उतरतं. तो माझ्याकडे वळतो, परक्या बाईकडे वळावं तसा.

आज सहा सेकंद झाले.

मी पुन्हा हाक मारली. तो खांद्यामागे बघून हसला. पुष्पानं माझा पदर धरला. आता ती खिदळत नव्हती.

"आई वं," ती हळूच म्हणाली, "तुह्याआंधी याले कोन बलावते?"