पोशाखावरचं तेल

"तेल आहे हे!" दिग्दर्शिकेनं बोटं नाकाशी नेली. "शिलाई मशीनचं तेल."

रंगपटातली कुजबुज थांबली. खुर्चीवर घडी करून ठेवलेला राखाडी पोशाख तिनं उलगडून धरला होता. पाठीकडून तो कात्रीनं उभा कापलेला होता. कमरेवर दोन्ही बाजूंना तळव्याएवढे डाग होते. खाली घेरावरही तसेच दोन.

थोड्या वेळापूर्वी तो पोशाख घातलेली मुलगी नाचाच्या शेवटी उंच उचलली गेली आणि वरून खाली कोसळली. गळ्याजवळचं हाड मोडलं. प्रेक्षकांतल्या एका डॉक्टरांनी तिला रंगपटात आणून पोशाख कापून काढला, कारण तिचा हात हलवणंच शक्य नव्हतं. रुग्णवाहिकेत तिची आई बसली. मावशी फाटकापर्यंत जाऊन सामान गोळा करायला परत आली.

मावशी पोलिसांतून निवृत्त झाली होती. नोकरी सुटली तरी घरात सगळे तिला अजून फौजदारच म्हणत.

संध्याकाळी निघताना दोघी बहिणींची साडीवरून चांगलीच जुंपली होती. फौजदार नेहमीच्या सुती साडीत तयार होत्या.

"माझ्या लेकीचा पहिला मोठा कार्यक्रम, आणि तू भाजी आणायला निघाल्यासारखी येणार?" असं म्हणून धाकटीनं आपली मोतिया रेशमी साडी काढून दिली होती.

"अगं, हिच्यावर पाण्याचा थेंब पडला तरी दिसतो."

"मग सांभाळून बस."

मग धाकटी आरशासमोर कानातलं हातात धरून उभीच राहिली. "तिचा पोशाख फार पातळ होता गं. अंग दिसत होतं. मी शिवणताईच्या मागे लागून आतून अस्तर लावून घेतलं. तेव्हापासून पोरगी माझ्याशी धड बोलत नाहीये."

भाची पडली तेव्हा फौजदार सर्वांत आधी रंगमंचावर पोचल्या. डॉक्टर येईपर्यंत तिच्या कमरेला हात घालून त्यांनी तिला मांडीवर धरून ठेवलं. बाजूला धाकटी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माझ्या अस्तरामुळे घसरली. माझ्यामुळे."

आता दिग्दर्शिकेनं तिला फोन लावून तेलाचं सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता. सगळ्या रंगपटानं ऐकलं.

"ती शिवणवाली! अस्तर लावायला लावलं म्हणून राग धरलास होय गं? माझ्या पोरीच्या जिवावर उठलीस?"

शिवणताई गळ्यात टेप अडकवून उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला आणि ती रडायला लागली.

फौजदारांनी क्षणभर स्वतःच्या साडीकडे पाहिलं. निऱ्या पार चुरगळल्या होत्या. गुडघ्यावर रंगमंचाची धूळ होती, बाकी साडी स्वच्छ होती.

"कुणी बाहेर जाऊ नका," त्या म्हणाल्या. "मला थोडं विचारायचंय. शिवणताई, तेलाची बाटली कुणाची?"

"माझी. मशीन इथंच कोपऱ्यात असतं. बाटली वरच ठेवलेली असते."

"तिला पोशाख कुणी घातला?"

"मीच. मागची हुकंही मी लावली."

"अस्तर कसलं होतं?"

"सुती. तिला उचलायचं असतं ना, गुळगुळीत कापडावर हात ठरत नाही. मी कशाला राग धरू हो?"

"पोशाख कापल्यावर?"

"मी घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि स्ट्रेचरबरोबर फाटकापर्यंत गेले."

"मीही फाटकाशीच होते," दिग्दर्शिका म्हणाली. "सगळेच होतो. हा एकटा सोडून."

हा म्हणजे मुलीचा नाचातला जोडीदार. सहा फुटी, रुंद खांद्यांचा. एकाच नाचात तिघींना उचलतो म्हणून संचानं त्याचं नाव खांब ठेवलं होतं. कार्यक्रमाचे कपडे बदलून बाकीच्यांनी संचाचे काळे टी-शर्ट चढवले होते. खांबाचा टी-शर्ट खुंटीवरच होता. तो शर्टात बसला होता, आणि शर्टाची बटणं एक घर चुकली होती.

"तुम्ही का नाही गेलात फाटकापाशी?"

"पाय उचलेना. माझ्या हातून पडली ती. कुठल्या तोंडानं समोर जाऊ?"

"हात घसरला?"

"हो. कमरेवरचं कापड सुळकन सुटलं."

"लगेच का नाही बोललात?"

"घाम असेल असं वाटलं."

"बरं. तिची पिशवी त्या वरच्या फळीवर आहे. जरा काढून देता?"

खांब उठला. त्यानं डावा हात वर केला. पिशवी जड होती, अडकली. उजवा हात त्याच्या अंगालगतच राहिला. शेवटी दिग्दर्शिकेनं स्टूलावर चढून पिशवी उतरवली.

"शिवणताई," फौजदार म्हणाल्या, "मगाशी घातली होतीस तशीच घडी घाल बरं."

शिवणताईनं डोळे पुसून पोशाख खालून वर दुमडला. घेर कमरेवर आला. डागावर डाग तंतोतंत बसला.

"बघा. पोशाख अंगात असताना कमर कुठे आणि घेर कुठे. दोन्हीकडे एकाच आकाराचं तेल उमटायला पोशाख घडी घातलेलाच हवा. आणि ही साडी बघा. पडल्याबरोबर पोरीला मी मांडीवर घेतलं होतं. या साडीवर तेलाचा ठिपका नाही. म्हणजे ती पडली तेव्हा कापड कोरडं होतं. तेल नंतर लागलं, घडी खुर्चीवर पडल्यावर. तेव्हा या खोलीत एकच माणूस होता."

"मी कशाला लावू?" खांबाचा आवाज चिरकला.

"कारण हात घसरलाच नाही. खांदा गेला. टी-शर्ट डोक्यावरून चढवायचा तर दोन्ही हात वर न्यावे लागतात. म्हणून तुम्ही शर्ट घातलात, आणि त्याची बटणं डाव्या हातानं लावलीत."

खांब उजवा खांदा धरून खाली बसला.

"तालमी सुरू झाल्यापासून दुखतोय," तो म्हणाला. "आज पडदा वर जायच्या आधी तिनं विचारलं, जमेल ना? मी हसलो. म्हटलं, खांब आहे मी. वर गेली आणि खांद्यातून कळ आली. पडताना ती माझ्याकडेच बघत होती. नंतर इथं एकटा बसलो होतो, समोर बाटली दिसली. वाटलं, तेल सांडलं म्हणतील, अपघात म्हणतील, कुणावर येणार नाही. ताईवर आलं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं मी."

"खांदा दाखवला असतास तर मी ते उचलणंच काढून टाकलं असतं," दिग्दर्शिका म्हणाली.

"आणि मलाही."



खांब उठून शिवणताईसमोर गेला. "ताई, माझं चुकलं."

ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती फौजदारांच्या साडीकडे बघत होती.

"तुम्हाला आधीच कळलं होतं ना? फोन चालू होता तेव्हाच?"

"माझ्या साडीला तेल नाही एवढं दिसलं होतं. कुणी केलं ते माहीत नव्हतं. गप्प राहिले तरच खरा माणूस बेसावध राहणार होता."

"त्या मला नाही नाही ते बोलत होत्या. सगळे ऐकत होते. तुम्ही एक शब्द टाकला असतात तर?"

फौजदारांनी नोकरीत असं कितीदा तरी केलं होतं. निरपराध माणसाला तेवढा वेळ रडू द्यायचं आणि खऱ्याकडे लक्ष ठेवायचं. आजवर कुणी त्याचा जाब विचारला नव्हता.

त्यांनी धाकटीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे आधी हुंदका आला, मग घाईघाईचा आवाज, "तिला दे ना फोन. मी माफी मागते."

फौजदारांनी फोन पुढे केला. शिवणताईनं हात मागे घेतला.

"फोनवर नको. त्यांना म्हणावं, पोरीला बरं वाटलं की इथं या. बोललात ते सगळ्यांसमोर बोललात, माफीही सगळ्यांसमोरच मागा."

"ती येईल," फौजदार म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिच्याबरोबर मीही येईन. मलाही मागायची आहे."

शिवणताईनं गळ्यातली टेप काढून गुंडाळायला घेतली.

"या," ती म्हणाली.