आईची ओळख

सकाळी दात घासायच्या आधी तन्मय शेडगे दंडावरची पट्टी बघायचा. करंगळीएवढी ती पट्टी रक्त तपासून एक आकडा दाखवी. आकडा दहाच्या आत असला, की समजायचं, आईनं दिलेली किडनी शरीरानं आपली मानली आहे. आठवडाभर आकडा चढतच होता; काल सतरा, आज एकोणीस.

त्याचं डोकंच फिरलं. पथ्य कडक, पाणी मोजून, बाहेरचा घास नाही, तरी हे! ऑपरेशनआधी आईच्या अस्थिमज्जेतल्या पेशी त्याच्या अंगात सोडल्या होत्या, म्हणजे त्याच्या संरक्षक पेशींना कळावं की ही बाई घरचीच आहे. या ‘ओळख-उपचारा’मुळे किडनी टिकवायच्या जन्मभराच्या गोळ्या टळल्या होत्या. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर हाच उपचार घेतलेला माणूस सहा महिन्यांत अजिंक्यतारा किल्ला चढून आला. मग आपलंच घोडं कुठं अडलं, म्हणून तन्मय आठवडाभर धुमसत होता.

दवाखान्यात डॉ. फरहाना मुजावर यांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं, “दुसरं काही औषध घेता?”

“नाही हो! किती वेळा सांगू?”

“घरी केलेलं काही?”

शेजारी बसलेल्या त्याच्या आई, द्वारकाबाई, कौतुकानं म्हणाल्या, “औषिद कसलं? गुळवेलीचा काढा देते की रोज. प्रतिकारशक्ती वाढाया.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मावशी, तीच शक्ती आम्ही मुद्दाम शांत केली होती. तुम्ही तिला रोज हलवून उठवत होता.”

तन्मयला स्वतःचाच संताप आला. एवढा शिकलेला माणूस रोज पेला रिकामा करत होता, आणि काढा म्हणजे औषध हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं. त्यांच्या घरात काढा चहासारखाच प्यायचे.

“म्हंजी ह्याचं अंग मला परकं म्हणतंय?” द्वारकाबाईंनी विचारलं. “नऊ म्हैने पोटात वागवलाय की ह्याला!”

“काढा आजपासून बंद. तुमच्या पेशी यांच्या अंगात पुन्हा सोडून नव्यानं ओळख करून देऊ. पण जमेलच असं सांगत नाही.”

“आन् न्हाई जमलं तर?”

“तर ही किडनी टिकणार नाही.” द्वारकाबाईंनी पदर खोचला.

“तर दुसरी हाय की माझ्याजवळ. ती काढा.”

तन्मय ओरडायला म्हणून उठला आणि तसाच उभा राहिला. या बाईवर चिडायचं तरी कसं, आणि उद्या वेळ आलीच, तर हिला नाही म्हणायचं तरी कुणी?