चादरीचं दुसरं टोक

ही गोष्ट ऐकीव नाही. मी स्वतः त्या खोलीत होते, आणि भर दुपारी, लख्ख उजेडात हे पाहिलंय. खोटं बोलून मला काय मिळणार?

माझ्या दादाची लॉन्ड्री आहे. पुढे दुकान, मध्ये इस्त्रीची टेबलं, मागे चादरी वाळवायची लांबट खोली. वहिनी उन्हाळ्यात गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन. मागे राहिली चार वर्षांची पोर. बोलण्यात भल्याभल्यांना गुंडाळते, म्हणून आम्ही तिला ठकी म्हणतो.

थंडी सुरू झाली आणि ठकीचा उजवा खांदा दुखायला लागला.

आधी वाटलं, कुठे पडली असेल. मग तिच्या हातून पेला सुटायला लागला. झगा घालताना हात वर केला की कळवळायची. हाडांचे डॉक्टर झाले, नसांचे झाले. एक्स-रे काढले, रक्त तपासलं. कशातच काही नाही. एका डॉक्टरांनी मात्र विचारलं, हिचा हात धरून कुणी ओढतं का?

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, बिचाऱ्याला ते लागलं.

पोरीवर लक्ष ठेवायला मी रजा काढून तिथे राहायला गेले. पहिल्याच दुपारी कामगार जेवायला गेले, यंत्रं थांबली. दादा पुढे गल्ल्यावर होता. ठकी कुठे दिसेना.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला...

फट्.

चादर झटकल्याचा आवाज. लॉन्ड्रीत मोठ्या चादरीची घडी दोघांनी घालायची असते. समोरासमोर उभं राहून आपापली टोकं धरायची, झटकायची, ताणायची. वहिनी ठकीला घेऊन याचाच खेळ करायची. एका बाजूची दोन्ही टोकं तिच्या मुठीत द्यायची आणि घट्ट धर म्हणायची.

पण कामगार तर जेवायला गेले होते...

मी दाराशी गेले.

ठकी भिंतीशी उभी होती. उजव्या मुठीत चादर. तिथून ती चादर खोलीच्या मध्यापर्यंत ताठ, ताणलेली...

आणि पलीकडे कुणीच नव्हतं.

दोरी नाही, खिळा नाही. दुसरी टोकं हवेत होती, चिमटीत धरल्यासारखी.

ठकीचा खांदा ओढला जाऊन पुढे आला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी ती मूठ सोडत नव्हती.

"ठके, सोड ते," मी कशीबशी म्हणाले.

"सोडलं तर आई पडेल."

मी आत पाऊल टाकणार, तोच मागे चाहूल लागली... दादा होता. तो दचकला नाही. सरळ आत गेला आणि पोरीच्या मुठीतली टोकं त्याने स्वतःच्या हातात घेतली.

ताण तसाच राहिला. त्याच्या मनगटाच्या शिरा मला दिसत होत्या. बराच वेळ तो तसाच उभा होता, बायकोबरोबर घडी घालायला उभा राहायचा तसा.

मग हळूच म्हणाला, "अगं, सोड आता. पोरीचा हात जातोय."

चादर खाली पडली.

संध्याकाळी मी खोदून विचारलं, तेव्हा तो बोलला. कितीतरी दिवस रोज दुपारी त्याला तो आवाज येत होता. उठून पाहिलं तर ती निघून जाईल, म्हणून तो गल्ल्यावरून उठलाच नव्हता. पोरीचा हात लुळा पडत होता आणि बाप कान देऊन बसला होता. मला राग यायला हवा होता. पण रडूच आलं.

"जिवंतपणी तिने माझं एक ऐकलं नाही," तो म्हणाला. "आणि हे मात्र पहिल्या शब्दाला ऐकलं."

ठकीचा हात हळूहळू सुधारला. डॉक्टर म्हणाले, लहान वयात होतं असं कधीकधी. आता ती दोन्ही हातांनी झोक्याला लटकते.

दादा मात्र रोज दुपारी सगळे जेवायला गेले की मागच्या खोलीत जातो. एक चादर उचलतो, टोकं धरून उभा राहतो. बाकीची चादर फरशीवर लोळत असते...

त्याला भीती वाटत नाही. मला वाटते.

एखाद्या दुपारी पलीकडची टोकं वर उचलली गेली, तर तो काही केल्या सोडणार नाही.