जॅकखालची फळी

ती यादी ठेव खाली आणि बस जरा. केल्यास ना सगळ्या खुणा? छान. खुणा करायला काय लागतं, एक पेन्सिल लागते. पण उद्या पहाटे तुम्ही तिघं वाळवंटातल्या वाळूत गाडी घालणार आहात, म्हणून आत्ताच सांगतो. माझ्या ओळखीच्या एका मेस्त्रीच्या बाबतीत हे घडलं. त्याचं गॅरेज माझ्या घराला लागून होतं. ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली, तीही दिवा घालवून. उजेडात तोंड उघडणार नाही म्हणाला.

गाडी वाळूसाठी तयार करून घ्यायची तर लोक त्याच्याकडेच यायचे. चारही चाकं ओढणारी गाडी घेतली म्हणजे वाळू जिंकली, असं कुणी म्हणालं की तो हसायचा. "ओढतात ना चाकं," म्हणायचा, "पण खाली!" मग तो शिकवायला बसायचा. वाळूच्या तोंडाशी थांबायचं, टायरमधली हवा निम्म्यावर आणायची, म्हणजे टायर पसरतं आणि रुतत नाही. बाहेर आलं की पुन्हा भरायची, म्हणून पंप हवा. फावडं हवं, ओढायचा पट्टा हवा, रुतलेल्या चाकापुढे टाकायला लोखंडी पट्ट्या हव्यात. आणि जॅकखाली ठेवायला फळी. सव्वा फुटाची, चौकोनी, चांगली जाड. वाळूत नुसता जॅक लावला तर गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो.

मेस्त्रीची एक सवय होती. यादीवर खुणा तो आधी करायचा आणि सामान नंतर भरायचा. कामात हात काळे झाले की कागद खराब होतो, म्हणून स्वच्छ हातांनी सगळ्या खुणा करून मोकळा व्हायचा. तीस वर्षांत कधी काही राहिलं नव्हतं. त्यामुळे सवय चांगलीच आहे, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा वाळूतल्या मुक्कामांवर औषधं आणि टपाल पोचवायचा. त्याला सगळे उंट म्हणायचे. पाणी कमी प्यायचा, आणि बोलायचा त्याहून कमी. त्याची पांढरी गाडी अर्थातच मेस्त्रीकडे तयार व्हायची. एकदा मे महिन्यात, आठ तारखेच्या दुपारी, मेस्त्रीने यादीवर खुणा केल्या आणि कामाला लागला. कामाचं टेबल डुगडुगत होतं. त्याने गाडीसाठी काढलेली फळी टेबलाच्या पायाखाली सरकवली. दोनच मिनिटांसाठी, हातातलं काम होईपर्यंत. मग कुणीतरी आलं, गप्पा झाल्या, आणि फळी तिथेच राहिली. यादीवर मात्र खूण होती.

संध्याकाळी बहिणीने गाडी घरासमोर घेतली. मागचं सामान बाहेर काढून आतून धुतली, पुसली, परत भरली. नवऱ्याच्या गाडीला धुळीचा वास आलेला तिला चालायचा नाही. पहाटे उंट निघाला.

तो सापडला चौथ्या दिवशी. आधी गाडी सापडली. मागचं डावं टायर रिमवरून उतरलेलं, जॅक मानेपर्यंत वाळूत. आणि त्या जॅकखाली, एकाखाली एक... सीटची गादी. डब्याचं झाकण. गाडीची पुस्तिका. सगळ्यात खाली त्याच्या पायातल्या चपला. जे जे सपाट होतं ते ते त्याने घालून बघितलं होतं. सगळं गिळलं वाळूने. मग तो चालत निघाला, अनवाणी, मे महिन्याच्या उन्हात. गाडीपासून अकरा किलोमीटरवर मिळाला.

गाडीत यादी होती. फळीपुढे खूण होती. म्हणजे मेस्त्रीने फळी दिली होती, यात कुणाला शंकाच नाही. मग फळी गेली कुठे?

तेरा दिवसांनी बहीण गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "दादा, मी गाडी धुतली ना त्या दिवशी... सामान काढलं होतं मी. फळी परत ठेवायची राहिली का रे माझ्याकडून? मला आठवतच नाही. घरभर शोधली."

ती बोलत होती तेव्हा मेस्त्रीच्या मागे चार हातांवर ते टेबल होतं. अजिबात न डुगडुगणारं. मेस्त्रीने तोंड उघडलं. खरं सांगायला एक वाक्य पुरेसं होतं, नुसतं टेबलाखाली बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. तो म्हणाला, "जाऊ दे आता. होतं असं कधी कधी."

होतं असं कधी कधी! पोरांनो, काही वाक्यं माणूस बोलतो आणि जन्मभर त्यांच्याच खाली राहतो. बहीण मान खाली घालून घरी गेली. गाव म्हणालं, बिचारीच्या हातूनच झालं. गाव असं का म्हणतंय, हेही तिने विचारलं नाही. वर्षभर हा रोज ठरवायचा, आज सांगतो. रोज तिच्या दारावरून पुढे जायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं त्याला प्रत्येक जण त्या टेबलाकडेच बघतोय असं वाटायचं. फळी मात्र त्याने हलवली नाही. तिला हात लावायची छातीच झाली नाही.

पुढच्या वर्षी तीच पांढरी गाडी नव्या ड्रायव्हरसाठी तयार करायला आली. तारीख मे महिन्याची आठ, वार गुरुवार. गाडी पहाटे पाचला न्यायची होती. मेस्त्रीने या वेळी आधी सामान भरलं, मग खुणा केल्या. नवी फळी कापून, घासून, स्वतःच्या हाताने मागे ठेवली. तीनदा उघडून बघितलं. शटर आतून ओढलं आणि हात धुवायला गेला. घड्याळात रात्रीच्या बाराला वीस मिनिटं कमी होती.

नळ चालू होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

कर्र... कर्र... कर्र...

जॅकचा दांडा फिरवल्याचा आवाज. तीस वर्षं ऐकलेला, चुकण्यासारखा नाही. मेस्त्रीने नळ बंद केला. वळला. गाडीचा मागचा डावा कोपरा हळूहळू वर येत होता. बोटभर. दोन बोटं. मग... भस्स. खाली बसला.

गॅरेजची जमीन सिमेंटची होती.

पुन्हा कर्र... कर्र... पुन्हा वर. पुन्हा भस्स.

"कोण आहे?" मेस्त्री म्हणाला.

कर्र... कर्र...

तो खाली वाकला. गाडीखालून पलीकडे बघितलं. पलीकडे दोन पाय होते. अनवाणी. टाचा फुटलेल्या. तळव्यांची कातडी... नाही, ते राहू दे.

त्याची पाचावर धारण बसली. पळावं तर शटर गाडीच्या पलीकडे. तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. आणि मग गाडीखालून एक हात बाहेर आला.

आता तुम्ही गॅरेजात काम केलेलं नाही, म्हणून सांगतो. गाडीखाली गेलेला माणूस हाका मारत नाही. नुसता हात बाहेर काढतो, तळवा वर करून. बाहेरच्याने ओळखायचं काय हवंय ते, आणि हातावर ठेवायचं. उंट आणि मेस्त्री वर्षानुवर्षं असंच काम करायचे. हा तोच हात होता. अंगठ्याजवळ जुना चटका होता. बोटांच्या बेचक्यांत वाळू होती.

हात थांबला होता.

मेस्त्रीने नवी फळी आणली. हातावर ठेवली. हाताने ती घेतली नाही. हळूच बाजूला ठेवली. रागाने नाही. चुकीचा पाना दिला की ठेवतो तशी. आणि पुन्हा तळवा वर.

किती वेळ गेला... मेस्त्रीला सांगता आलं नाही.

मग तो उठला. टेबलापाशी गेला. वर्षभर हात न लावलेली ती फळी त्याने दोन्ही हातांनी ओढली. टेबल कलंडलं. वरचे पाने, डबे, सगळं खणखणत खाली आलं. नंतर शांतता. तो गुडघ्यांवर बसला आणि फळी हातावर ठेवली.

"माझ्याकडेच होती," तो म्हणाला. "तिने नाही काढली. माझ्याकडेच होती रे..."

बोटं मिटली. हात आत गेला.

कर्र... कर्र... कर्र...

कोपरा वर आला. एक बोट. दोन. चार. वीतभर.

खाली बसला नाही.

साडेचारला मेस्त्रीने बहिणीचं दार वाजवलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टेबल, दोन मिनिटं, यादी, आणि ते वाक्य. रात्रीचं काहीच सांगितलं नाही. त्याच्याआड लपायचं नव्हतं त्याला. रडत होता, पण माफ कर म्हणाला नाही. ते म्हणायचीही त्याला लाज वाटली.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, वर्षभर मी ती गाडी रोज रात्री मनात धुतेय. एकेक वस्तू बाहेर काढते, एकेक आत ठेवते. प्रत्येक वेळी फळी कुठे ठेवली तेच आठवत नाही." पायात चपला घातल्या. "चल. दाखव मला ती."

गॅरेजात गाडी चारही चाकांवर उभी होती. टेबल कलंडलेलं. जॅक मागे, पेटीत, जसा बांधला होता तसाच बांधलेला. आणि डाव्या चाकाशी ती फळी पडली होती, गॅरेजच्या बाहेर कधीही न गेलेली. टेबलाचा पाय चौकोनी होता. फळीवर मात्र मधोमध एक गोल उमटला होता. जॅकच्या बुडाचा. पेराएवढा खोल. पूर्ण गाडीचा भार घेतल्याशिवाय त्या लाकडात असा गोल उठत नाही.

गोलात वाळू होती, बारीक, पिवळी.

बहिणीने फळी उचलून मांडीवर घेतली. त्या गोलात बोट टेकवलं आणि एकदम मागे घेतलं. पहाटेचे पाच वाजत होते. गार वारा सुटला होता.

"गरम आहे," ती म्हणाली. "दादा... वाळू अजून गरम आहे."

मेस्त्रीने बघायला हात पुढे केला.

तिने फळी छातीशी ओढून घेतली. त्याला हात लावू दिला नाही.