बुआपानची खूण

मासळी धुण्याच्या टाकीशेजारी प्राध्यापिका रुंगनापा बेशुद्ध पडल्या होत्या, डोकं फुटलेलं, कपडे निथळणारे. त्यांना छातीशी धरून बसली होती बुआपान, टूना कापणारी, जन्माची बहिरी. पोलिसांनी तिला ओढून बाजूला केलं. दवाखान्यात नेता नेता मॅडम गेल्या.

मालकांनी अपंग कामगारांना नीट वागवावं कसं, यावर संशोधन करायला मॅडमना निधी मिळाला होता. थायलंडमधल्या समुत साखोनचा हा मासळीचा कारखाना त्यात आदर्श म्हणून निवडलेला. म्हणून निधीचा मोठा वाटाही कारखान्याला. आणि आता मॅडमच्या खुनाचा आळ एका बहिरीवर!

चौकशीला संशोधनाचाच दुभाषा बसला, थनित.

"काय झालं, विचार," इन्स्पेक्टर पारिचात म्हणाली.

बुआपाननं डाव्या कानाची पाळी ओढली आणि दोन्ही हातांनी हवेत जोरात ढकललं.

"म्हणते, मॅडमला ढकललं."

"मग कान कशाला ओढला?"

"कान म्हणजे मॅडम. नोकरी घालवतील, अशी भीती होती तिला."

"गुन्हा कबूल आहे का, विचार."

थनितनं हात हलवले. बुआपाननं जोरजोरात मान डोलावली.

"मिटलं की, बाई!" हवालदार म्हणाला. पारिचातला मात्र चैन पडेना.

ती कारखान्यात गेली. मॅनेजर प्रसितनं बर्फाची कॉफी मागवली. "लेकरांसारखं ठेवतो हो आम्ही यांना," डाव्या कानाची तुटकी पाळी चोळत तो म्हणाला. "पण मुक्याच्या मनातलं कुणाला कळतंय?"

बाहेर मासळी कापणाऱ्या बहिऱ्या बायकांनी पारिचातला न्याहाळलं. एकीनं हनुवटीवर बोट टेकवलं. बाकीच्यांनी तसंच केलं आणि सगळ्या खुदकन हसल्या. पारिचातच्या हनुवटीवर तीळ होता.

"तुमचं बारसं झालं, ताई," फाटकाशी पपईचं सॅलड विकणारी बाई म्हणाली. "अंगावरची खूण तेच नाव. एकदा पडलं की जन्मभर तेच. सगळ्यांना ठाऊक."

पारिचातनं फोनवर मॅडमचा फोटो दाखवला. बायकांनी डोळ्यांभोवती बोटांची वर्तुळं केली. मॅडमचा जाड चष्मा! कानाला एकीनंही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रसितला जबाबासाठी ठाण्यावर बोलावलं. थनित तिथं होताच. मग बुआपानला आणलं. प्रसित दिसताच ती भिंतीला चिकटली आणि कानाची पाळी ओढू लागली.

"हे तुमचं नाव, प्रसितसाहेब," पारिचात म्हणाली. "ही पोर पहिल्या दिवसापासून तुमचं नाव सांगतेय. काल रात्री दुसरी दुभाषी नेऊन मी कामगारांना विचारलं. ते मार खाल्ल्याचं सांगायचे, हा थनित मॅडमना सांगायचा, सगळे खूश आहेत. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! पण मॅडम गुपचूप खुणा शिकल्या. त्यांना सगळं कळलं. निधी बंद होणार होता. तुम्ही त्यांना टाकीत ढकललंत. हिनं बाहेर काढलं, तर हिलाच अडकवलंत."

"एका मुकीच्या शब्दावर?" प्रसित हसला.

"थनित, कबूल आहे का म्हणून तू हिला काय विचारलं होतंस? तीच दुभाषी बाहेर बसलीय. खोटं बोललास तर फासावर दोघंही जाल."

थनितच्या तोंडचं पाणी पळालं. "तहान लागलीय का, असं विचारलं," तो पुटपुटला. "ढकललं यांनीच. मी फक्त... यांनी पैसे दिले होते."

दोघांना बेड्या पडल्या. बाहेर बसलेली दुभाषी, बहिऱ्यांच्या शाळेतल्या मालिवानबाई, बुआपानसमोर येऊन बसल्या.

"सुटलीस म्हणावं तिला," पारिचात म्हणाली.

बाईंनी खुणा केल्या. बुआपान हसली नाही. तिनं उलट काहीतरी विचारलं. मालिवानबाईंचे हात मांडीवर पडले.

"काय म्हणते?"

"विचारते, मॅडमना भेटायला आता सोडाल का? थनित सांगायचा म्हणे, मॅडम बऱ्या झाल्यात, पण तुझं तोंड बघायचं नाही म्हणतात."